पाखरांचा झेला

काल खानापूरच्या गाडीनं चुलतभावाचा गडी आला आणि घोंगड्यात गुंडाळलेला भाताचा झेला माझ्या हातात ठेवून गेला. झेला म्हणजे नव्या भाताच्या लोंब्यांचा जुडगा. काड्यांची वेणी घालून वर फास करायचा, खाली लोंब्या मोकळ्या सोडायच्या आणि दारापुढच्या वळचणीला टांगायचा. पाखरांसाठी. आमच्या गावाकडं सुगी सुरू झाली की पहिली मूठ देवाची, दुसरी पाखरांची आणि मग माणसांची. लग्न होऊन मी बेळगावात आले तशी शेती सुटली, पण भाऊ दरसाल न चुकता झेला पाठवतो. लढाई संपली तरी रेशनच्या दुकानापुढची रांग काही हटलेली नाही, त्यामुळं शेजारच्या बाई आज म्हणाल्याच, "अहो, एवढं भात टांगून ठेवताय? कांडलं तर दोघांचं एक जेवण निघेल की."

"निघेल की," मी म्हटलं, "पण ते पाखरांचं आहे."

त्या बिचाऱ्या दचकून आत गेल्या. मी मोठ्यानं बोलले असणार. मी मोठ्यानंच बोलते. आमचे हे शाळेत मास्तर आहेत, त्यांना गलक्याची सवय आहे, तरी अधूनमधून म्हणतात, "अगं, मी समोर बसलोय. ओढ्यापलीकडं नाही." पण मी काय करू? आमच्या घराण्यात हळू बोलायची रीतच नव्हती. आम्ही पाखरं राखणारी माणसं. एका शेतातून दुसऱ्या शेतात हाका मारत वाढलेली. हळू बोलून राघू उठतो होय कुठं?

आश्विन सरत आला की अजूनही मला पहाटे जाग येते. पाऊस मागं गेलेला असतो, झाडं धुतल्यासारखी दिसतात, उन्हाला पिवळा रंग येतो आणि हवेत ती एक थंडीची पहिली बारीक धार असते. शहरात त्या वेळी टांग्यांची खडखड ऐकू येते. गावात मात्र सगळा कालवा पाखरांचा. दसऱ्याच्या सुमाराला परीट यायचा. पांढऱ्याकाळ्या अंगाचा, टिचभर, सारखं शेपूट आपटत चालणारा. कुठल्या मुलखातून येतो कुणास ठाऊक, पण आला की आई म्हणायची, "आला गं बया परीट, आता गोधड्या धुवायला काढा." तारेवर, खांबावर चास पक्षी बसलेला असायचा, सगळा मळकट, आणि उडाला की एकदम पंखातून निळं आभाळ सांडायचं. ओढ्याकाठी वेडे राघू उडता उडता माशा टिपायचे. बगळे तर आप्पांच्या नांगरामागून असे चालायचे की त्यांनाच शेताचा वाटा मिळायचा आहे. निपाणीकडं मात्र जोंधळ्याच्या दिवसांत भोरड्यांची टोळधाड पडते म्हणे. परवा आमच्या लेकीनं लिहिलंय, "आई, इथं भोरड्यांचे थवे आले की ऊनच झाकतं." वैशाखात तिला निपाणीला दिली. तेव्हापासून घरात आम्ही दोघंच.

आप्पा म्हणजे माझे वडील. आमचं घर गावाच्या कडेला, अंगण संपलं की भाताचं शेत लागायचं. शेताच्या मधोमध चार खांबांवर माळा बांधलेला. त्यावर आप्पा उभे राहायचे, हातात गोफण, पायाशी पत्र्याचा फुटका डबा. राघूंचा थवा जंगलाकडून निघाला की त्यांना आधी कळायचं. "हाऽऽ हुर्रऽऽ!" अशी आरोळी ठोकायचे की पलीकडच्या वाडीतली कुत्री भुंकायला लागायची. राघू एक वेळ परवडतात, त्यांची चोरी दिसते. पण ती बारकी तपकिरी पाखरं, शहरातले लोक त्यांना मुनिया म्हणतात, आम्ही नुसती भातपाखरं म्हणायचो, ती मुकाट्यानं लोंबीला लटकून दाणा सोलत बसायची. त्यांना उठवायला मी आणि माझी थोरली बहीण आक्का बांधावरून टाळ्या वाजवत पळायचो.

म्हणजे गंमत बघा. दिवसभर ज्या पाखरांना शिव्या देऊन शेतातून हाकलायचं, त्यांच्यासाठीच घराच्या वळचणीला झेला टांगायचा! मी एकदा आप्पांना विचारलं होतं. ते म्हणाले, "शेतात चोर, दारात पावणा. चोराला धोंडा, पावण्याला दाणा. त्यात काय इचारायचं?"

आक्काला पाखरांचे आवाज काढता यायचे. टिटवीचा तर असा काढायची की खरी टिटवी ओढ्याकाठून ओ द्यायची. ती रागात असली की गप्प, आणि खुशीत असली की टिटवी. त्यामुळं तिच्या मनात काय चाललंय ते घरात सगळ्यांना कळायचं. तिचं लग्नाचं वय पुढं सरकत चाललं होतं. आधी एक स्थळ आलं होतं. पाहुणे पडवीत बसले, आणि बैलांना पाणी कुणी दाखवायचं यावरून आई आणि आप्पांची जुंपली. आमच्या घरात असली भांडणं म्हणजे भाजीतली फोडणी. चुरचुरली आणि संपली. पण पाहुण्यांना ते काय माहीत! "बघून कळवतो" म्हणाले आणि उठले. कळवतो म्हणणारे कधी कळवत नाहीत. आक्का त्यानंतर पावसाळाभर टिटवीसारखी ओरडली नाही.

मग त्या दिवाळीत आमच्या मामानं उचगावचं स्थळ आणलं. मुलगा नंदगडच्या बाजारात लांबून दाखवला. उंच, सावळा, आणि आईसाठी घेतलेली दुरडी डोक्यावर घेऊन बिनदिक्कत चाललेला. आक्कानं एकदाच बघितलं आणि बांगड्यांच्या दुकानाकडं वळली. परत येताना मात्र बैलगाडीत मागं पाय सोडून बसली आणि पार गाव येईपर्यंत टिटवी टिटवी करत होती. मामा हसून म्हणाला, "ठरलं म्हणायचं." पण घरी आल्यावर त्यानं आईला बाजूला घेतलं.

"ताई, एक सांगून ठिवतो. पोराची आई लई खट हाय. आधी वळचणीकडं बघती, मग पोरीकडं. भांडणाच्या घरात पाखरू टेकत न्हाय, असं तिचं म्हणणं. झेला भरलेला दिसला तर चा बी न घेता उठंल."

"आमच्यात कोण भांडतंय?" आई म्हणाली.

"तूच की!" आप्पा म्हणाले.

"मी? आणि तुमी काय भजन करतायसा?"

मामानं कपाळाला हात लावला. वळचणीला झेला लोंबत होता. दसऱ्याला हळव्या, म्हणजे लवकर येणाऱ्या भाताची पहिली कापणी झाली तेव्हा टांगलेला. त्यातला एक दाणा हलला नव्हता.

त्या दिवसापासून आमचं घर मुकं झालं. आई जी खाष्ट, जिच्या हाकेनं म्हैस रानातून परत यायची, ती ओठ मिटून हातवारे करायला लागली. जेवायला बोलवायचं तर ताटावर बोटानं टकटक. आप्पा खोकला आला की पळत गोठ्यात जायचे आणि तोंडावर पटका धरून खोकायचे. मला तर सारखा ठसका लागायचा, हसू दाबून दाबून. आमचा कुत्रा पार गोंधळला. कुणी हाड म्हणेना, कुणी यू म्हणेना, तो आमच्या तोंडाकडं बघत बसून राहायचा. अंगणात आईनं कण्या पसरल्या, जुन्या काटवटीत पाणी भरून ठेवलं. आधी कोंबड्या आल्या. मग कावळे आले. परीट आला, शेपूट आपटत येरझाऱ्या घातल्या आणि नेमके किडे वेचून गेला. भाताशी त्याला काय देणंघेणं! भारद्वाज कुंपणाच्या कडेनं तांबडे पंख सावरत मोठ्या ऐटीत चालत गेला. तो दिसला म्हणून आईनं हात जोडले, पण तो झेल्याकडं ढुंकूनही न बघता करवंदीच्या जाळीत शिरला.

चिमण्या नाहीत. भातपाखरं नाहीत. वळचणीखाली नाहीत, म्हणजे कुठं नव्हती असं नव्हे हो! शेतात होती ना, ढिगानं. गरवं, उशिरा येणारं भात अजून उभं होतं, सोन्यासारखं पिकलेलं, मैलभर. एवढं पंक्तीचं ताट वाढलेलं असताना वळचणीची वाटी चाटायला कोण येईल? हे मला आता कळतं. तेव्हा आम्हाला सगळ्यांना वाटायचं, आपल्याच घराला काहीतरी लागलंय. आप्पांची तर दोन्हीकडून पंचाईत. माळ्यावर ओरडल्याशिवाय भात राहत नाही, आणि ओरडलं की पाखरं घराजवळ येत नाहीत. एकदा मी माळ्याखाली उभी होते. आप्पांनी गोफण फिरवली, थवा उठला, आणि आप्पा हात जोडून थव्याला म्हणाले, "आरं, घराकडं जावा की रं! तिकडं टांगलंय तुमच्यासाठी!" थवा ओढ्यापलीकडच्या दुसऱ्या शेतात उतरला. आप्पा बराच वेळ तिकडं बघत उभे राहिले.

आक्का रोज सकाळी दार उघडलं की आधी वर बघायची. मग सडा घालायला लागायची. तिचा सडा पहिल्यांदा दाराशी गोल पडायचा आणि मग हात जड झाल्यासारखा कसाही. मला तिच्याकडं बघवायचं नाही. मी मनात चिमण्यांना इतक्या शिव्या घातल्या की त्यांना उचक्या लागल्या असतील.

उचगावची माणसं यायची होती त्या दिवशी उजाडताना आईनं दार उघडलं आणि तोंडावर हात दाबून तिथंच उभी राहिली. मला वाटलं साप निघाला. बघते तर काय, झेला निम्मा रिकामा! लोंब्यांच्या नुसत्या काड्या वाऱ्यावर हलत होत्या. आई तुळशीपुढं डोकं टेकून पुटपुटायला लागली. आक्का न्हाणीतून ओल्या केसांनी धावत आली, वर बघितलं, आणि तिनं इतक्या हळू टिटवीचा आवाज काढला की फक्त मलाच ऐकू आला. आप्पा गोठ्यात वैरण टाकत होते. "बरं झालं, बरं झालं," एवढंच म्हणाले आणि वैरण टाकत राहिले.

पाहुणे आले. मुलाची आई, मी त्यांना पुढं आयुष्यभर उचगावच्या मावशी म्हटलं, ठेंगण्या होत्या, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, डोळे असे की पंचपात्रातली मुंगी दिसावी. त्यांनी पायरीवर पाय ठेवला आणि मामा म्हणाला होता तसं वर बघितलं. झेला बघितला. आई लाजल्यासारखी हसली. मग मावशींनी खाली बघितलं. जमिनीकडं. इकडून तिकडं सावकाश बघितलं.

"पाखरं लई शिस्तीची दिसत्यात तुमच्याकडची," त्या म्हणाल्या. "दाणा खाल्ला, आन् टरफल सोबत घेऊन गेली."

मीही खाली बघितलं. खरंच की! चिमणी दाणा सोलून खाते. झेल्याखाली कोंड्याचा सडा पडतो, रोज झाडावा लागतो. आमच्या वळचणीखाली शेणानं सारवलेली भुई लख्ख होती. आई पटकन म्हणाली, "आत्ताच झाडलंय वो अंगण," तेसुद्धा इतकं कुजबुजत की मावशींना कान पुढं करावा लागला.

सगळे पडवीत बसले. बोलले तर कुजबुज. शेवटी पाहुण्यांना पान-तंबाखू द्यावी म्हणून आप्पांनी बंडीच्या खिशातून चंची ओढली. चंचीसोबत मूठभर भात बाहेर आलं आणि घोंगड्यावर सांडलं. पिवळे धमक दाणे, इकडं तिकडं घरंगळत मावशींच्या पायापर्यंत गेले.

मावशींनी एक दाणा उचलून बोटात धरला. "पाखराचं बिऱ्हाड खिशात हाय व्हय, पावणं?"

आप्पांची कानशिलं लाल झाली. आणि आईचा, इतक्या दिवसांचा, कोंडून ठेवलेला आवाज फुटला. "आवं, काय केलासा ह्ये! उजाडायच्या आधी ह्योच उद्योग करत हुतासा व्हय? पोरीचं वाटोळं केलासा की!"

"मग काय करू?" आप्पा उसळले. "तुझी पाखरं येईनात! आमंत्रण का धाडू त्यास्नी? रोज पोरगी वर बघतीया, रोज तोंड पाडून आत जातीया. मला बघवंना!"

"म्हणून लबाडी करायची? ती बी नीट न्हाय! टरफलं तरी टाकायची हुती खाली!"

"तू सांगायचीस की मग!"

"मला ठावं असतं तर सांगितलं नसतं?"

झालं! पलीकडच्या वाडीतली कुत्री भुंकायला लागली. आमचा कुत्राही आनंदानं शेपूट हलवत पडवीत चढला. घर ओळखीचं वाटलं त्याला. मामानं डोळे मिटून घेतले होते. आक्का चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती आणि कपबशा वाजत होत्या. मला वाटलं ती रडतेय. मी तिचा पदर धरला. आणि मग ऐकू आलं ते मावशींचं हसणं. खो खो, पोट धरून, डोळ्यांना पदर लावून.

"बरं झालं बाई आवाज फुटला," त्या म्हणाल्या. "आल्यापासनं सगळी कुजबुजतायसा. मला वाटलं पोरीत काय खोट हाय, म्हणून दबून बोलत्यात. आता कळलं." मग आप्पांकडं वळून म्हणाल्या, "चाळीस गावं हिंडले असंन मी सोयरिकीला. भांडणारी लई बघितली. पर लेकीसाठी पाखरू झालेला बाप न्हाय बघितला. आण गं पोरी, चा आण. गार हुतोय."

आक्कानं ट्रे ठेवला. ती रडत नव्हती, हसू दाबत होती, आणि दाबता दाबता तिच्या घशातून टिटवीसारखा आवाज निघाला तेव्हा मावशी म्हणाल्या, "ही बी वराडतीया व्हय?" मला त्या क्षणी त्या बाईच्या गळ्यात पडावंसं वाटलं.

तुळशीचं लग्न झालं आणि मार्गशीर्षात आक्काचंही झालं. मांडवात आई-आप्पांनी मन भरून भांडून घेतलं, कुणी मनावर घेतलं नाही. तोवर गरवं भात कापून झालं होतं. पेंढ्या खळ्यावर गेल्या, शेतं मोकळी पडली. नुसती खुंटं, आणि त्यातून दव. बैलगाडी उचगावच्या वाटेला लागली तेव्हा मी गाडीमागून ओढ्यापर्यंत धावले. वाटलं, आक्का एकदा तरी टिटवीचा आवाज काढेल. तिनं नाही काढला. पदरानं तोंड झाकून बसली होती.

त्यानंतरच्या दिवसांत आमच्या घरात कुणी कुणाला गप्प बसायला सांगितलं नाही. तरी घर गप्पच होतं. आईनं बैलांवरून एकदा भांडण काढून बघितलं, पण आप्पांनी उत्तर दिलं नाही, मग तीही थांबली. एकट्यानं भांडायला काय गंमत? आप्पांनी गरव्याच्या लोंब्या आणून नवा झेला विणला, जुन्या काड्या काढल्या आणि तो टांगला. कशासाठी, कुणी विचारलं नाही. संध्याकाळी ओढ्याकाठी टिटवी ओरडली की त्यांचा हातातला दोर थांबायचा. मान वळायची. मग कळायचं त्यांना, खरीच टिटवी आहे. मग पुन्हा दोर.

आणि एका सकाळी ती आली. मी उंबऱ्यावर भाकरी खात बसले होते. आधी एक चिमणी, मग एक चिमणा, मग भातपाखरांचा अख्खा थवा भुर्रकन वळचणीखाली शिरला. झेला झुलायला लागला. उलटी लटकून, एकमेकांना ढकलून, चिवचिवाट करत खात होती. टरफलं खाली पडत होती, उन्हात चमकत, बारीक पावसासारखी. आप्पा गोठ्यातून आले आणि अंगणाच्या मधोमध थांबले. ज्या माणसाची आरोळी ओढा ओलांडून जायची, त्याचा आवाज माझ्यापर्यंत जेमतेम पोचला.

"आत्ता आलासा व्हय रं?" ते म्हणाले. "पोरगी गेल्यावर?"

आई चुलीपासून उठून दारात आली होती. मला वाटलं, आता तरी ही काहीतरी बोलणार, नेहमीसारखं उलटून. ती आप्पांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. दोघं वर बघत होती.

"हळू," आई म्हणाली. "उडून जातील."

आप्पा गेले, आई गेली. आक्काच्या घरी आता सुना आहेत, आणि ती सोयरिकीला गेली की आधी वळचणीकडं बघते आणि मग जमिनीकडं, असं ऐकते. आज सकाळी मी आमच्या परसात, न्हाणीघराच्या वळचणीला झेला टांगला. इथं आजूबाजूला शेतं नाहीत, त्यामुळं चिमण्यांना वाट बघायला लावायचं कारण नाही. दुपारीच आल्या. हे आरामखुर्चीत पेपर वाचत होते, मी तांदूळ निवडत होते. चिवचिवाट ऐकून मी सूप बाजूला ठेवलं. फरशीवर कोंडा पडत होता. लेकीची खोली आता उघडीच असते, तिच्या दारापुढं ऊन येतं, तिथंच पडत होता. मला खूप काही बोलायचं होतं त्या पाखरांना. तोंड उघडलं, आणि यांच्याकडं वळले.

"हळू बोला हो," मी यांना म्हटलं. "उडून जातील."

यांनी पेपर खाली घेतला, चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं.

"मी कुठं काय बोललो?" ते म्हणाले.